फक्त बटण दाब

४ जानेवारी २००४, रविवार

वेबसाईट करायची. ठरलं!

काल स्टुडिओत पुण्याहून फोन आला. श्रेया मॅडम म्हणून कुणी आहेत. त्यांची संस्था पुस्तक काढतेय — जुन्नरपलीकडं मढच्या अंगाच्या डोंगरातली माणसं, त्यांची घरं, भात, नाचणी, वर्षभराचं सगळं. फोटो काढायला इथलाच कुणी पाहिजे. माझं नाव कुणीतरी सांगितलं म्हणे. मी म्हटलं, अल्बम घेऊन येतो. तर म्हणाल्या, "अल्बम नको. तुमची वेबसाईट असेल ना? तुमच्या कामातले निवडक वीस फोटो त्यावर ठेवा. पंचवीस तारखेच्या आत." मी म्हटलं, "हो हो, आहे ना! थोडं काम चालू आहे." फोन ठेवला. वेबसाईट मी आजवर फक्त पेपरात वाचलीय.

सोळा वर्षं झाली नारायणगावात 'भगवंत फोटो स्टुडिओ'ला. अर्ध्या जुन्नर तालुक्याच्या भिंतींवर माझे फोटो आहेत. नवरानवरी, म्हातारे, बारशाची पोरं, हार घातलेले. पण एकाही फोटोवर माझं नाव नाही. लोक म्हणतात, "आमच्या बाबांचा फोटो." भगवंतचा फोटो कुणी म्हणत नाही.

पुस्तकावर मात्र छापतील. "छायाचित्रे : भगवंत." मला एवढंच पाहिजे. खरंच सांगतो, बाकी काही नको.

पौष आहे. लग्नं नाहीत. वेळच वेळ!

५ जानेवारी, सोमवार

चांगदेवकडं गेलो. चांगदेव म्हणजे माझ्या बायकोचा, प्रतिभाचा, थोरला भाऊ, माझा मेहुणा. आमच्या खोडदला त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी आहेत ना, त्यांच्या अँटेना फिरवणाऱ्या मोटारींचं काम बघतो. मंचरला कॉम्प्युटरचा क्लास केलाय, घरी कॉम्प्युटर आहे, स्कॅनर आहे. इंटरनेटसाठी तेवढं नारायणगावच्या कॅफेत जावं लागतं.

"दाजी, वेबसाईट कशाची करायची?"

"माझी."

"बरं. पण तिच्यात काय काय?"

"मी!"

हसत सुटला. मग कागदावर चौकोन काढून दाखवले. पहिलं पान, फोटोंची पानं, माझी माहिती, पत्ता आणि फोन. मला वाटलं लई भानगड असंल. हा तर अल्बमच की! फक्त पान उलटायला बोटाला थुंकी लावायची नाही.

ही वही आजपासून निगेटिव्हच्या पेटीत ठेवायची, पाकिटांच्या खाली, तळाला. तिथं कोण बघतंय.

७ जानेवारी, बुधवार

पहिलं पान झालं. मागं गुलाबी रंग, त्यावर पिवळी अक्षरं. दोन्ही कोपऱ्यांत समई, आणि ज्योत हलते! 'सुस्वागतम' उजवीकडून निघतं, डावीकडं पळतं, परत उजवीकडून येतं. पान उघडलं की सनई. चांगदेव म्हणाला, "दाजी, लई झालं." मी म्हटलं, "लग्नाचा फोटोग्राफर आहे मी, दशक्रियेचा नाही."

कागदावर छापून वडिलांना, तात्यांना दाखवलं. तात्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं. मागून बघितलं. मग म्हणाले, "वर कुलदैवत न्हाई. खाली निमंत्रक न्हाई. ही कसली पत्रिका?"

"तात्या, पत्रिका नाही. वेबसाईट आहे."

"पण लोकान्ला या म्हणायचंय ना?"

"हो."

"मग पत्रिकाच झाली की! वडील जित्तं असताना पोराचं एकट्याचं नाव छापलं, तर भावकी काय म्हणंल?"

आणि वडिलांनी दुपारपर्यंत यादी केली. निमंत्रक, व्यवस्थापक, कार्यवाहक, शुभेच्छुक. बेचाळीस नावं! येडगावच्या मावसभावाचं नाव दोनदा, कारण तो रुसतो.

१० जानेवारी, शनिवार

पानाच्या तळाला किती जण येऊन गेले त्याचा आकडा दिसतो. आज ४१. चांगदेव २२ वेळा, मी १९ वेळा.

११ जानेवारी, रविवार

मॅडमना कच्चं पान बघायला पाठवलं होतं. कॅफेत जाऊन उत्तर वाचलं. लिहितात — "समई, सनई, पळणारी अक्षरं, नावांची यादी काढून टाका. फोटो दिसू द्या. आणि कृपा करून पोज दिलेले फोटो नकोत. माणसं जशी असतात तशी हवीत."

माणसं जशी असतात तशी? मग फोटोग्राफर कशाला पाहिजे! सोळा वर्षं माझं एकच तंत्र. जवळ या — हनुवटी वर — स्टेडी! माझा 'स्टेडी' चार गावांत प्रसिद्ध आहे. खोडदच्या शाळेत पोरं माझी नक्कल करतात. माझ्या फोटोत माणूस हललेला दाखवा, स्टुडिओ बंद करीन.

घरी येऊन कुरकुरलो, तर प्रतिभा लसूण सोलता सोलता म्हणते, "अहो, तुमच्या फोटोतली माणसं श्वास कधी घेतात हो?"

"फोटो झाल्यावर!"

"तेच म्हटलं मी. अजून घेतला का नाय सगळ्यांनी."

हिला विचारलंय कुणी? वर पेटी उघडली तर निम्मी पाकिटं पिवळी. हे दरवेळचं आहे. हळदीच्या दिवशी आत बायकांच्या घोळक्यात मी जात नाही, बरं दिसत नाही. उंबऱ्याशी कॅमेरा सगळा लावून हिच्या हातात देतो. सांगतो, फक्त बटण दाब. बायका हिलाही हळद फासतात, आणि ही त्याच हातानं रोलचं पाकीट पेटीत ठेवते. तेलात कालवलेली हळद, डाग काही जात नाही. किती वर्षं सांगतोय, आधी हात धू! ऐकेल तर शपथ.

१४ जानेवारी, बुधवार

तीन दिवस निवडतोय. एकाही फोटोत कुणी हलत नाही.

शेवटी वैतागून जादा प्रिंटांचा खोकाच चांगदेवच्या अंगणात ओतला. दरेक लग्नाच्या चार-दोन प्रिंटा मी जास्तीच्या काढून ठेवतो. म्हटलं, "तूच निवड बाबा. तुला जे हललेलं दिसंल ते काढ."

संध्याकाळी वीस फोटो मांडून बसला होता. मी एकेक हातात घेऊन बघितला.

एक म्हातारी, नाकाच्या शेंड्यावर हळद, जीभ काढून कुणाला तरी वेडावतेय. तीन बायका जात्याशी, एकीला एवढं हसू लोटलंय की दुसरीचा पदर तोंडात कोंबलाय. आणि एक नवरी. भिंतीला टेकून झोपलीय, तोंड उघडं, आणि हळदीचे दोन्ही हात मात्र साडीला लागू नयेत म्हणून झोपेतसुद्धा हवेत धरलेत. तिच्याकडं बघतच राहिलो. अशी दमलेली नवरी मी जन्मात बघितली नव्हती.

"दाजी, हे लई भारी काढलेत तुमी."

मी म्हटलं, "अनुभव असतो."

काढले कधी ते आठवत नाही. पण सोळा वर्षांत माणूस काय काय आठवणार! माझ्याच खोक्यातले आहेत. माझेच असणार.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. तीळगूळ घेतला. प्रतिभाला म्हटलं, बघ, तुझा नवरा कलाकार निघाला. ती म्हणाली, अरे वा.

१९ जानेवारी, सोमवार

वेबसाईटचं कुलूप उघडायचा शब्द ठरवला, इथं लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन — STEADY16.

आता दुसरं. हे लिहू का नको असं झालंय, पण लिहितो. कुणाला तरी सांगायला पाहिजे आणि वहीशिवाय कुणी नाही.

मॅडमना प्रत्येक फोटोखाली गाव आणि साल हवंय. प्रिंटच्या मागं नंबर असतो, तोच नंबर निगेटिव्हच्या पाकिटावर, आणि पाकिटावर गाव आणि तारीख. म्हणून वीस नंबर कागदावर लिहिले, पेटी खाली घेतली आणि एकेक पाकीट काढायला लागलो.

पहिलं पाकीट, म्हातारीचं. पिवळा अंगठा.

दुसरं, जात्यावरच्या बायका. पिवळा अंगठा.

तिसरं पिवळं. चौथं पिवळं. पाचवं साधं निघालं तेव्हा केवढं बरं वाटलं, म्हणून फोटो बघितला तर तो अँटेनाचा. सहावं पिवळं. झोपलेली नवरी, कांदळी, १९९८. तिच्या पाकिटावर तर पाचही बोटं.

वीसपैकी चौदा! हळदीचे. आतल्या खोलीतले. जिथं मी सोळा वर्षांत पाऊल टाकलेलं नाही.

उरलेले सहा माझे. अँटेना, त्यामागून सूर्य. येडगावच्या धरणाची भिंत. एक बैलजोडी. एक बंद दार. दोन झाडं. एकातही माणूस नाही!

खाली स्वयंपाकघरात प्रतिभा तात्यांशी कशावरून तरी हसत होती. मी पेटी लावून टाकली.

२० जानेवारी, मंगळवार

विचार केला. कॅमेरा कुणाचा? माझा. रोल कुणाचा? माझा. उजेड, अंतर, सगळं लावून कोण देतं? मी. उरलं काय? बटण. कुकरची शिट्टी कुणी उतरवली, यावर भात कुणी केला हे ठरत नाही.

चांगदेवनं विचारलं, "दाजी, नाव प्रत्येक फोटोखाली टाकू का वर एकदाच?"

मी म्हटलं, "वर एकदाच."

२४ जानेवारी, शनिवार

झाली! पांढरं पान, मोठे फोटो, वर 'भगवंत'. समई गेली, सनई गेली. पत्ता एवढा लांब आहे की व्हिजिटिंग कार्डावर दोन ओळींत बसवावा लागला. मॅडमना कळवलं.

तात्यांची बेचाळीस नावं काढली म्हणून तात्या बोलत नाहीत. प्रतिभाला दाखवायला कॅफेत नेतो म्हटलं होतं. नेलं नाही. म्हटलं, गर्दी असते तिथं.

ती म्हणाली, "असू दे. नंतर बघीन."

३१ जानेवारी, शनिवार

माघ लागला, लग्नं सुरू! आज येडगावला हळद. उंबऱ्याशी कॅमेरा दिला. रोजचं वाक्य तोंडात आलं, फक्त बटण… पुढचं गिळलं. ती थांबली. म्हणाली, "काय?"

"काही नाही. जा."

बाहेर मांडवात बसून राहिलो. आतून हसण्याचा दंगा. पहिल्यांदाच वाटलं की ही आत नेमकं करते काय, ते दाराच्या फटीतून बघावं. पण चार बाप्ये बघत होते.

घरी येऊन तिनं रोलचं पाकीट पेटीत टाकलं. हात धुतले नव्हतेच. यावेळी मी काही बोललो नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

फोन! शेवटच्या दोघांत मी! दुसरा कुणी पुण्याचा आहे. मॅडम म्हणाल्या, "तुमची ती झोपलेली नवरी आम्ही ऑफिसात मोठी करून लावलीय. तिला जागं न करता एवढ्या जवळ कसे गेलात तुम्ही?"

मी म्हटलं, "हळू हळू."

रविवारी मढला बोलावलंय. एक दिवस त्यांच्यासमोर काम करून दाखवायचं. आता आली का पंचाईत!

८ फेब्रुवारी, रविवार

प्रतिभाला म्हटलं, चल, फ्लॅश धरायला माणूस पाहिजे. ती लगेच तयार झाली. एवढ्या पटकन ही कुठंच तयार होत नाही. जुन्नरपर्यंत एक एसटी, पुढं मढला दुसरी. मॅडम जीपनं आधीच येऊन थांबलेल्या. माझ्यापेक्षा लहान असतील, पण नजर हेडमास्तरीण बाईंची.

जानकूंचं घर. साठीचा गडी, डोंगरउतारावर भाताची खाचरं. आई चिमाबाई ओट्यावर सुपानं तांदूळ पाखडत होती. म्हटलं, हेच! पुढं झालो, कॅमेरा लावला, आणि सवयीनं तोंडातून निघालं — "स्टेडी!"

चिमाबाई गपकन थांबली. सूप हवेत. डोळे वटारलेले. दम रोखून धरलेला. तांदूळ घरंगळून खाली, कोंबड्या धावल्या, म्हातारी तरी हलेना! जानकू आत पळाले आणि टोपी, कोट घालून बाहेर येऊन आईशेजारी काठीसारखे उभे राहिले. मी म्हटलं, "अहो, नेहमीसारखं वागा." तर जानकू म्हणाले, "पावणं, आदी सांगा तरी, नेहमीसारकं म्हंजी हात कुटं ठेवायचं?"

मॅडम हसल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं.

दुपारी त्या जानकूंबरोबर खाचरं बघायला गेल्या. मी ओट्यावर डोकं धरून बसलो. प्रतिभा केव्हाच चिमाबाईजवळ बसून तांदूळ निवडायला लागली होती. दोघींचं काय चाललं होतं कुणास ठाऊक. म्हातारीनं पहिली सून कशी पळवून लावली, आणि दुसरीनं म्हातारीला कसं सरळ केलं, असलं काहीतरी. मी बराच वेळ बघत बसलो. मग कॅमेरा नेऊन हिच्या मांडीवर ठेवला. तिच्याकडं न बघता म्हटलं, "चार-दोन घे गं."

"किती घेऊ?"

"घे की."

"तुम्ही म्हणाल तेवढे घेते. आज तुमचं ऐकायचं ठरवलंय मी."

आणि आज पहिल्यांदा मी बघितलं ती काय करते ते. काहीच करत नाही! बोलत राहते. कॅमेरा मांडीवरच असतो. म्हातारी सुनेची नक्कल करायला उठली, पदर खोचला, कमरेवर हात ठेवले, आणि हिनं कॅमेरा डोळ्याला लावून खाली ठेवला, तेवढंच. म्हातारीला कळलंसुद्धा नाही. मलाही नीट कळलं नाही, आणि मी तिथंच होतो. मॅडम परत येईतो रोल संपला. कॅमेरा माझ्या गळ्यात.

येताना एसटीत खिडकीशी ती, शेजारी मी. जुन्नर जवळ आलं तेव्हा म्हणाली, "तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

"मला? नाही. का गं?"

"असंच."

९ फेब्रुवारी, सोमवार

मढचे दोन्ही रोल धुतले. प्रिंटा पुण्याच्या एसटीनं मॅडमना पाठवल्या.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मिळालं! काम मिळालं! वर्षभर, दर महिन्याला चार दिवस, आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव! मॅडम म्हणाल्या, "सकाळचे तुमचे फोटो बघून मी जवळजवळ नाही म्हणणार होते. पण दुपारचा तो रोल! चिमाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या आहेत तो — तोच मुखपृष्ठावर घेतोय. सकाळी एक माणूस होता आणि दुपारी दुसराच कुणीतरी, असं वाटलं."

मी नुसतं हं हं केलं.

"आता नाव कसं छापायचं ते सांगा. पूर्ण नाव लिहून घेते."

सोळा वर्षं बोर्डावर रंगवलेलं नाव. बँकेत, पावतीवर, सगळीकडं मीच लिहितो. तोंड उघडलं आणि निघेना! समोर भिंतीवर माझेच फोटो. पन्नास-साठ माणसं दम रोखून माझ्याकडं बघतायत. मी म्हटलं, "उद्या सांगतो."

"स्वतःचं नाव उद्या सांगताय?"

"हो. जरा विचारून सांगतो."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रतिभा भाकऱ्या थापत होती. तात्या ओसरीवर. मी चुलीजवळ जाऊन बसलो. एरवी कधी बसत नाही, म्हणून तिनं एकदा बघितलं.

म्हटलं, "ते वेबसाईटवरचे फोटो."

"हं."

"वीसातले चौदा तुझे आहेत."

तिनं भाकरी उलटली.

"मढचा रोलपण. दुपारचा. तोच पसंत पडलाय. मी माझ्या नावावर… अजून नाव सांगितलं नाही मी. पण सांगणार होतो. वीस-पंचवीस दिवस झाले मला कळून. लपवलं तुझ्यापासून. चूक झाली, प्रतिभा. लई मोठी चूक झाली."

हे बोलताना लाज वाटली, पण बोललो सगळं. तिनं भाकरी निखाऱ्यावर टाकली, फुगली, काढली.

"तुला राग नाही आला?"

"सरका जरा. करपंल." मग दुसरा गोळा हातात घेतला आणि म्हणाली, "सांगितलंत एकदाचं."

एकदाचं काय! मी सांगतोय आज आणि म्हणे एकदाचं. पण डोळे तिचे भरले होते, म्हणून मी काही विचारलं नाही. नंतर हसली मात्र. म्हणाली, "फक्त बटणच दाबलं हो मी." आणि एवढी हसली की ओसरीवरून तात्यांनी विचारलं, काय झालं.

दुपारी दोघं स्टुडिओत. मीच फोन लावला. "मॅडम, नाव लिहून घ्या. प्रतिभा."

"त्या कोण?"

"त्या दिवशी फ्लॅश धरून होती ना, ती. माझी बायको. नवरी पण तिनंच काढलीय. मी फक्त स्टेडी म्हणतो."

पलीकडं मॅडमनी नाव परत विचारून घेतलं. मग — "हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"हो."

"मी चिडलेय, हे तुम्हाला कळतंय ना?"

"हो मॅडम."

"द्या त्यांना फोन."

दहा मिनिटं बोलली! मला वाटलं हो म्हणून ठेवून देईल. पण चार दिवस सलग नको, दोन-दोन करा. लावणीच्या वेळी मी सांगीन तेव्हाच या. बायकांशी बोलत असताना कुणी वही घेऊन समोर उभं राहायचं नाही. मॅडमनाच अटी! शेवटी म्हणते, "एक माणूस लागंल मला सामान धरायला. आहे एक बघण्यात. बडबडतो फार, पण उंच आहे."

१६ फेब्रुवारी, सोमवार

तिला पहिल्यांदा कॅफेत नेलं. खुर्चीवर बसवलं. फोटो एकेक करून वरून खाली उतरत येतात, तसतशी ती ओळखत गेली. ही वेडावणारी म्हातारी, झुंबरबाई, गेली गेल्या वर्षी. ही हसतेय तिचं नाव सखूबाई, तिला मीच हसवली होती. नवरीवर थांबली. "हिला पहाटे तीनपासून उठवलेलं. सगळ्या म्हणत होत्या जागी कर. मी म्हटलं झोपू द्या. आता दोन लेकरं आहेत हिला."

सगळ्या आठवतात तिला! सहा वर्षांपूर्वीची हळदसुद्धा. मला एक नवरा आठवत नाही.

चांगदेवला म्हटलं, "वरचं नाव काढ. प्रत्येक फोटोखाली टाक, ज्याचं त्याचं." चौदा ठिकाणी प्रतिभा, सहा ठिकाणी भगवंत. अँटेनाच्या फोटोखाली माझं नाव शोभून दिसतं. तीच एक माझं ऐकते.

छापून तात्यांना दाखवलं. बराच वेळ मोजत होते. म्हणाले, "सुनबाईचं चौदा येळा. तुजं सा येळा. बरूबर हाय. आता निमंत्रक म्हणून माजं येकदा टाक."

टाकलं. तळाशी, आकड्याच्या वर. आकडा आज ३१२!

१९ फेब्रुवारी, गुरुवार

चांगदेवला वेबसाईटच्या कुलपाचा शब्द पाहिजे होता. म्हणून वही मागं चाळत गेलो. १९ जानेवारीचं पान.

STEADY16 च्या खाली, जिथं चौदा हळदीचे असं लिहिलंय, तिथं — पिवळा अंगठा. तेलाचा.

येडगावची हळद ३१ जानेवारीला. त्यानंतर ही हळदीला गेलेली नाही. मढ ८ तारखेला. मी तिला सांगितलं १३ तारखेला.

म्हणजे एसटीत. "तुम्हाला मला काही सांगायचंय का?"

आणि वर म्हणे असंच!

वही परत पेटीत ठेवतोय. तिथंच, पाकिटांच्या खाली.